लाखोळीवरून गेलेली गाडी

२३ फेब्रु., रवि.
करडी, आईचं गाव. आईने दारासमोरच्या डांबरी रस्त्यावर डाळीची लाखोळी वाळल्या काड्या-शेंगांसकट पसरली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली चुरून दाणा सुटतो, पण आज गाड्याच नाहीत. मला म्हणाली, "दोन-चार खेपा मार ना वो बाई. तुयी गाडी का नुसती मले दवाखान्यात न्यायलेच हाय?"
डायलिसिस सुरू झाल्यापासून तिने पहिल्यांदा काही मागितलं. मारल्या खेपा. ओट्यावर बसून हसत होती.
मग पुढून धूर. काड्या आत अडकून पेटल्या होत्या. मी बॉनेट उघडलं, तोच आईने भरली बादली आत फेकली. एवढं बळ कुठून आणलं तिने? आत टण्णकन काहीतरी वाजलं.

२४, सोम.
भंडाऱ्याला डायलिसिस. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, गाडी गचके खाते. आई वाटभर त्या दिव्याकडे पाहत होती.

२५, मंगळ.
गाडी कारध्याला नेली. गॅरेजवाल्या बबनभाऊंनी यंत्र लावून पाहिलं. ऑक्सिजन सेन्सर गेला. धुरात ऑक्सिजन किती ते हाच इंजिनाला कळवतो. वायर जळलेली. जुना निघता निघेना, धुराचा नळ तापवून काढला. नवा बसला, दिवा विझला. उगीच हलकं वाटलं.

२७, गुरु.
डायलिसिसहून परतताना पुलावर दिवा पुन्हा लागला. आत धुराचा वास. काचा खाली केल्या तरी आईला ओकारी आली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "राहू दे आता. कितीक ओढशीन मले?"
ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्याकडे राहायला आणावं, तर तिसरा मजला. तिला जिना चढवत नाही. आणि एस.टी.त ती डायलिसिसनंतर...

१ मार्च, शनि.
बबनभाऊंनी थंड इंजिन सुरू करून साबणाचं पाणी मारलं. इंजिनाला लागूनच धुराचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा नळ आहे, तिथे बुडबुडे आले. केसाएवढी भेग.
"नवा सेन्सरबी चुकीचंच सांगून राहिला ताई. भेगेतून बाहेरची हवा घुसते. इंजिनाले वाटते पेट्रोल कमी पडलं, अजून ओतते."
मग त्यांनी विचारलं, तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं होतं का, त्यानेच बीड तडकतं. मी नाही म्हणाले. का म्हणाले? आईचं नाव गॅरेजात निघू नये म्हणून, बहुतेक.

२, रवि.
बबनभाऊंनी वेल्डिंग केलं. बिडावर टिकेलच असं नाही, म्हणाले. नळ बदलायचा तर या मॉडेलचे पार्ट बंद झालेत. नागपूरच्या भंगारात विचारतो म्हणाले.

३, सोम.
करडीला पोचण्याआधीच जोड सुटला. आईला ऑटोने नेलं. प्रत्येक खड्ड्याला माझा हात घट्ट धरायची. डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, एकही खेप चुकवू नका. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ऐकत होती की नव्हती, कळेना.

५, बुध.
नागपुरात नळ मिळाला नाही. संध्याकाळी एस.टी.ने करडीला आले. आई ओट्यावर तीच लाखोळी पाखडत होती.
गाडीला काय झालं, तिने विचारलं. सेन्सर, मी म्हणाले.
"थो तं बदलवला ना?"
म्हटलं, दुसरंही काहीतरी असेल, मला त्यातलं कळत नाही.
तिने सुपात अजून लाखोळी ओतली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्या दिवशी टण्ण वाजलं होतं. मले आयकू आलं."
जुनी गाडी आहे, काही ना काही वाजतच असतं, असं काहीतरी बोलले मी. माझं मलाच खोटं वाटलं.
"उद्याचं दवाखान्याचं राहू दे," म्हणाली. "ऑटोबी नोको सांगू."
ऑटोवाल्याला मी आधीच सांगून ठेवलंय. तो सकाळी दारात येईल. आई त्यात बसेल का, ते मला आत्ता तिच्याकडे पाहूनही सांगता येत नाही. तिने सूप थांबवलेलं नाही.