खेकडा आणि जाळी

आप्पा, काल माझ्या खिडकीवर एक आजी आल्या. डोक्यावर पदर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं पुण्याचं तिकीट. ते आत सरकवत म्हणाल्या, “एवढं कॅन्सर करा बाई, लेक म्हनतो आत्ता नगं येऊ.” शेजारी बसलेला नवीन क्लार्क हसला आणि म्हणाला, “आजी, कॅन्सर नाही, कॅन्सल. कॅन्सर म्हणजे आजार.” त्या बिचाऱ्या खजील झाल्या. मी कोणाला सहसा काही बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. राहुरीच्या स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत इतकी वर्षं काढली, पण माझा आवाज कोणी चढलेला ऐकला नसेल. काल मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, “तुला कळलं ना त्यांना काय पाहिजे? मग गप बस.” घरी आले तरी राग जाईना. तो राग त्या मुलावरचा नव्हता. तो तुमच्यावरचा आहे आणि तुम्ही जिवंत असताना मला तो एकदाही बोलता आला नाही.

शाळेत तुम्ही इंग्रजी शिकवायचात, पण तुमचा खरा वर्ग आपल्या देवळालीच्या घरात, चुलीपुढे भरायचा. तुम्ही पाटावर, मी समोर, आई भाकरी थापतेय. कानाला सारखे वाटणारे दोन शब्द घ्यायचे आणि ते कुठून आले ते सांगायचं, हा तुमचा छंद. स्टेशनरीचे दोन शब्द, एक थांबलेलं आणि एक वह्या-कागद. पूर्वी फिरून माल विकणारे पुष्कळ. एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकवाला तो स्टेशनर, म्हणून त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. डेझर्टचंही तसंच. एक वाळवंट, म्हणजे टाकून दिलेली जागा. दुसरं ताटं उचलल्यावर द्यायचं गोड. आई तव्यावरून मान न उचलता म्हणाली, “ताट उचलल्यावर गोड? मंग ते वाढायचं कशात?” मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला तिची गंमत कधी कळलीच नाही, तिच्या चुका मात्र सगळ्या ऐकू यायच्या.

त्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॅन्सर. येष्टी कॅन्सर झाली, हळदीकुंकू कॅन्सर झालं, शेताच्या पाण्याची पाळी कॅन्सर झाली. अर्धं गाव असंच म्हणायचं, पण तुम्ही गावाला दुरुस्त करायला गेला नाहीत. तुमच्या शाळेतले मास्तर चहाला आले होते, तो दिवस आठवतो. आई दारात कपबशा घेऊन उभी राहिली आणि आपुलकीने म्हणाली, “पोरांची सहल कॅन्सर झाली म्हनं?” तुम्ही तिला तिथंच उभं केलंत. कॅन्सल म्हण. तिने म्हटलं, जमलं नाही. पुन्हा म्हण. मग तुम्ही पाहुण्यांना फोड करून सांगितलंत की कॅन्सल हा शब्द जाळीवरून आलाय. लिहिलेलं रद्द करायचं तर त्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी मारायचे. कॅन्सर म्हणजे खेकडा, आपल्या कर्करोगातला कर्क तोच. “आमच्या घरात खेकडा आणि जाळी एकच,” असं म्हणालात आणि सगळे हसले. आईने बशा खाली ठेवल्या. “आमच्या माह्यारी नदीला जाळी लावली की त्यातच खेकडं घावायचं,” ती म्हणाली, “मंग कशाला येगळं करायचं?” मास्तर आणखी जोरात हसले, पण आता तुम्हाला. पाहुणे गेल्यावर तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीत.

नंतर तिच्या पोटात गाठ निघाली. मी तेव्हा नगरला हॉस्टेलवर. तपासणी झाली की ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले होते आणि आईला पोट फाडायची भयंकर धास्ती. तिने दवाखान्यात जाण्याआधी घरातलं कुठं काय ठेवलंय ते तुम्हाला दाखवलं. शेवगावच्या मावशीला निरोप धाडला, की मी टेबलावरून उठंन न उठंन, तू येऊन जा. मग तुम्ही दोघं रिपोर्ट घ्यायला गेलात. पुढचं मला आईने दिवाळीत सांगितलं, गोष्ट सांगावी तसं, हसत. डॉक्टर तुमच्याकडे बघून म्हणाले, आता ऑपरेशन करून उपयोग नाही, कॅन्सर आहे. आणि आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “आपरेशन कॅन्सर? बरं झालं बाई. सुटले.”

कॅन्सर नावाचा आजार तिला माहीत नव्हता असं नाही. पण तिच्या लेखी तो तंबाखू खाणाऱ्या बाप्या माणसांना, तोंडात होणारा. पोटातल्या गाठीला ते नाव असू शकतं, हे तिच्या डोक्यात कुठून यावं? डॉक्टरांनी तुमच्याकडे पाहिलं असणार. तुम्ही काय केलंत? उठलात आणि म्हणालात, चल. जन्मभर ज्या एका शब्दासाठी तिला चारचौघांत उभं केलंत, तो तिने जिथं चुकीचा ऐकला तिथं तुम्हाला दुरुस्त करावासा वाटला नाही. मला मात्र फोनवर तुम्ही अगदी शुद्ध बोललात. “ऑपरेशन कॅन्सल झालंय, काळजीचं काही नाही, तू परीक्षा दे.” उच्चारात एक चूक नाही.

ती गावभर सांगत फिरली. “माझं आपरेशन कॅन्सर झालं.” बायकांच्या कानावर खरं काय ते आलं होतं; त्या माना खाली घालायच्या. कोणी दूध आणून द्यायचं, कोणी अंडी. आई मला म्हणते, “आगं कॅन्सर झालं तं एवढी मानसं येत्यात, झालं आसतं तं बँडच लावला आसता.” तुम्ही समोर पेपर धरून बसलेले आहात. ती पुन्हा पुन्हा तो शब्द म्हणतेय आणि पेपर जरासुद्धा हलत नाही. तुमचा फोन आठवून मीही तो शब्द कॅन्सल असाच ऐकला. मला वाटलं, आप्पा सुधारले. मला बरं वाटलं होतं, आप्पा. मी बरं वाटून हॉस्टेलवर परत गेले.

आई गेल्यावर तुम्ही मावशीला म्हणाला होतात की तिला आनंदात जाऊ द्यायचं होतं. आनंद कसला? तिला उठवत नव्हतं. पोटात कळ यायची तेव्हा ती स्वतःलाच बोल लावायची, की डॉक्टरनं काही न्हाई म्हनून सोडलं आन् मी आशी नाटकं करती. भाकरीला उशीर झाला म्हणून तुमच्यापुढे ओशाळायची. तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही ती भाकरी खात होतात. मरणाऱ्या बाईला स्वतःच्या आळसाची लाज वाटत होती आणि एका शब्दाने ती लाज जाणार होती. तो शब्द तुम्हाला मुळापासून माहीत होता.

आणि मावशी. रिपोर्ट घेऊन आल्यावर आईने शेजारच्या दुकानातून तिला फोन केला की आता येऊ नको, मोडू नको कामं, उन्हाळ्यात मीच येते निवांत, कुरडया करू. उन्हाळा तिने पाहिला नाही. मावशी आली ती तिच्या मातीला. माणसं पांगल्यावर ओसरीत तुमच्यापुढे बसली, रडत नव्हती. “दाजी, तुमी मास्तर ना?” ती म्हणाली. “साऱ्या गावाची पोरं शिकवली. माझ्या बहिनीला येक शबुद नीट सांगता आला न्हाई तुमाला?” तुम्ही आनंदात जाण्याचं ते वाक्य म्हणालात. मावशीने ऐकून घेतलं. उठताना म्हणाली, “तिच्या न्हाई दाजी, तुमच्या आनंदात.” मी दाराशी उभी होते. तेव्हा मला सगळं कळलं, आजार काय होता तेसुद्धा. त्यानंतर तुम्ही कितीतरी वर्षं जगलात, मी तुम्हाला जेवायला वाढलं, औषधं दिली आणि एकदाही विचारलं नाही. तुम्हीही पुन्हा कधी दोन शब्द घेऊन बसला नाहीत. मला वाटायचं, पश्चात्ताप असेल. पण नुसतं गप्प राहणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे. गप्प राहून तर तुम्ही हे सगळं केलं होतंत.

कोणी म्हणेल, त्या काळी पेशंटला सांगत नसत. नसतील सांगत. घाबरलात असंही म्हणेल कोणी. घाबरायचं होतं तर घाबरायचं, तिच्याजवळ बसून रडायचं. ती तुमच्यापेक्षा खंबीर होती. तिने तुम्हालाच धीर दिला असता आणि बहिणीला बोलावून घेतलं असतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी मी ते वाचून ऱ्हस्व-दीर्घ तपासले. तुमची सवय लागली ती लागलीच. आणखी एक गोष्ट आहे. साहेब मला कधीपासून म्हणताहेत की खिडकी सोडा, आत टेबलावर या, मोठी जागा आहे. मी नाही म्हणते, काहीतरी कारण सांगते. हल्ली तिकिटं मोबाईलवर निघतात, तिथंच रद्द होतात. खिडकीवर म्हातारी माणसं येतात तेवढीच, तीही कमी झालीत. त्यातलं एखादं तिकीट पुढे करून म्हणतं, कॅन्सर करा. काल त्या आजी तशाच खजील होऊन उभ्या होत्या. मी तिकीट घेतलं आणि म्हटलं, “द्या, कॅन्सर करून देते.” त्या हसल्या. एवढ्यासाठी मी तिथे बसते.