पाराक्लेतोस आणि ताईचं ऑपरेशन

३ मार्च, रविवार
पाळकांनी विचारलं, शनिवारी पाचला चर्चच्या हॉलमध्ये काही बोलाल का? विषय मीच दिला : ‘पाराक्लेतोस’. बायबलमधला मूळ ग्रीक शब्द. मराठीत ‘कैवारी’. निश्चय : रोज पहाटे चार तास अभ्यास. पाच दिवस रजा टाकली. शिल्लक होती तेवढी सगळी.

४ मार्च, सकाळी ९.४०
आत्ताच उठलो. ग्रीक मुळाक्षरं गिरवली. आठ आली. बाकीची भाषणाला लागत नाहीत.
ताईचा फोन. शनिवारी दुपारी पित्ताशयाचं ऑपरेशन. म्हणाली, शुद्धीवर येताना आपलं माणूस शेजारी हवं, भीती वाटते रे. मी म्हटलं, रजाच शिल्लक नाही. खोटं नव्हे. शनिवारी ऑफिसला सुट्टीच असते, पण तिनं कुठे विचारलं?

५ मार्च
मोठा शोध! पारा म्हणजे शेजारी, क्लेतोस म्हणजे बोलावलेला. अडचणीत हाक मारून शेजारी बोलावलेला माणूस. कोर्टात आरोपीच्या बाजूनं उभा राहणारासुद्धा. अख्ख्या नव्या करारात फक्त पाच वेळा, तेही योहानाच्याच लिखाणात. वा!
ताईचा पुन्हा फोन. ऐन रंगात व्यत्यय. उचलला नाही. लाज वाटली. थोडीच.

७ मार्च
हिनं विचारलं, ताईंजवळ कोण बसणार? म्हटलं, नर्स असतात. हिनं नुसतं बघितलं. हिला ग्रीक कळत नाही.
लहानपणी मला कांजिण्या आल्या, तेव्हा ताई शाळा बुडवून पंधरा दिवस उशाशी बसली होती. उगाच आठवलं. भाषणात उदाहरण म्हणून घालीन. उत्तम जमेल.

९ मार्च, सकाळी
ही डबा घेऊन कुठेतरी गेली. न सांगता. बरंच झालं, शांतता.

संध्याकाळी ५.३०
खुर्च्या साठ. माणूस एक, हॉलचा रखवालदार. तोही कुलूप लावायला थांबलेला. म्हणाला, सगळे तुमच्या ताईंकडे गेलेत की! पाळकांनी बसायच्या पाळ्या लावल्यात. बाईसाहेब तर सकाळपासून तिथंच. तुम्हाला ठाऊक नाही?
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

६.४५, हॉस्पिटल
ताई शुद्धीवर आली तेव्हा मी हॉलमध्ये खुर्च्यांची रांग सरळ करत होतो. तिच्याजवळ ही होती. मला बघून ही उठली, खुर्ची दिली, बाहेर गेली. 
ताईनं क्षीण आवाजात विचारलं, भाषण छान झालं ना रे? झालं म्हणालो. मग म्हणाली, मला पण सांग की, काय अर्थ त्या शब्दाचा?
हातात बावीस पानं होती. ती खाली ठेवली आणि खुर्ची तिच्या शेजारी ओढली.