पुढे चौदा, मागे त्रेचाळीस

मी, भावकू नागोजी किणेकर, वय ७१, धंदा टर्नर व मोटारसायकल ट्यूनिंग, राहणार अनगोळ, बेळगाव, आज शुक्रवार दि. २४ जानेवारी २०२५ रोजी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणीही भरीस न घालता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टर उपेंद्र यांनी सकाळी नाडी पाहिली व "आप्पा, ठोके जरा जोरात पडतायत," म्हणाले. मी सांगितले, "रविवारपासनं तसंच हाय." हा आजार मानू नये. कारण पुढे पाचव्या कलमात दिले आहे.

१. यापूर्वी २०१६ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात वडगावची शेड मुलगा निशांत याला आणि मुलगी श्रिया हिला फक्त चार बांगड्या असे लिहिले होते. ते लिहिताना मी शुद्धीत होतो. शहाणा होतो असे मात्र आज म्हणवत नाही.

२. घराच्या उताऱ्यावर माझे नाव कन्नडमध्ये 'बावकु' असे पडले आहे. तो बावकु आणि हा भावकू एकच. कचेरीत तीन खेपा घालूनही ते दुरुस्त झालेले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. वकील विद्युल्लताबाई या कागदाला कन्नड भाषांतर जोडणार आहेत.

३. अनगोळचे राहते घर व बँकेतील सर्व शिल्लक पत्नी नागुबाई हिची. तिच्या हयातीत त्यात कुणी वाटा मागू नये. पेट्रोलमध्ये कार्बोरेटर धुण्यासाठी मी तिची तीन पातेली कायमची बिघडवली आहेत. शिवाय श्रियाला बारा वर्षांची असताना पहिल्यांदा गाडीवर बसवले ते नागुबाईने, मला चोरून. मी त्या वेळी दोघींवर ओरडलो होतो. ते ओरडणे मी या कलमाने मागे घेतो.

४. आता मारुतीराव चौगुले, राहणार संकेश्वर, यांच्याविषयी. हे लोकांना चुकीचे माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मुळात वडगावात मागांची दातेरी चाके कापायचो. चाक बदलले की कापडाची वीण बदलते. तोच हिशेब मोटारसायकलला लागतो, हे कळल्यावर मी स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाके (एक पुढे इंजिनपाशी, एक मागच्या चाकावर), कापू लागलो. मागच्या चाकावरच्या स्प्रॉकेटचे दाते वाढवले की गाडी झटकन सुटते, पण टोकाचा वेग जातो. दाते कमी केले की उलटे. मी शंभर सीसीची टू-स्ट्रोक गाडी बांधायचो आणि मारुतीराव ती चालवायचा. चार वर्षे आम्हाला कुणी हरवले नाही.

१९८९ साली संकेश्वरला ऊस तोडलेल्या रानात शर्यत होती. मारुतीराव म्हणाला, "रान लांब हाय, मागं एक्केचाळीस घाल." मी "घातलं" म्हणालो आणि पंचेचाळीस घातले. मला वाटायचे, गाडी मी बांधतो तर मलाच जास्त कळते. तो सगळ्यांच्या आधी सुटला, पण शेवटच्या सरळ पट्ट्यात इंजिन नुसतेच किंचाळत राहिले आणि तिघे पुढे गेले. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गाडी बरोबर हुती, चालवणाऱ्याला जमलं न्हाय." त्याने हेल्मेट खाली ठेवले आणि निघून गेला. त्यानंतर तो शर्यतीत उतरला नाही. छत्तीस वर्षे आम्ही बोललो नाही.

खोटे मी बोललो होतो. त्याचे चालवणे चोख होते. हे संकेश्वरात कुणालाही वाचून दाखवावे.

५. गेल्या रविवारी, दि. १९ रोजी, त्याच संकेश्वरला पुन्हा शर्यत झाली. अकरा गाड्या. दहा नव्या आणि एक माझी जुनी. चालवणारी श्रिया, वय ३४, कॉलेजात फिजिक्स शिकवते. गेली दोन वर्षे ती कॉलेजातून सुटली की शेडवर येते आणि माझ्या अंदाजांवर आकडेमोड करते.

सकाळी सराव चालला होता. मी कुंपणाला टेकून उभा होतो. शेजारून आवाज आला, "भावकू, पोरीला थांबव. इंजिन उपाशी पळतंय."

वळून पाहिले तर मारुतीराव. केस सगळे पांढरे. छत्तीस वर्षांनी पहिला शब्द आणि तोही चूक काढणारा! मी म्हणालो, "मला तर कायबी ऐकू येत न्हाय."

"तुझं कान लेथनं खाल्लं. माझं शाबूत हाईत. प्लग काढून बघ."

काढला. प्लग चुन्यासारखा पांढरा! मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोक, मी वडगावात भर दुपारच्या उन्हात ठरवले होते. संकेश्वरच्या थंडीत हवा जड, तिला पेट्रोल जास्त लागते. ते कमी पडले की इंजिन तापते, पिस्टन जाम होतो आणि मागचे चाक जागच्या जागी आवळते. ऐन वेगात तसे झाले असते तर माझी मुलगी हँडलवरून पुढे फेकली गेली असती. मोठा जेट मारुतीरावानेच बसवला.

मग श्रिया म्हणाली, "आप्पा, मागं पंचेचाळीस नको, त्रेचाळीस हवं. मी रान पावलांनी मोजलंय. शेवटच्या पट्ट्यात चौथ्या गिअरला गाडी संपते."

माझे तोंड 'नाही' म्हणायला उघडले होते. मारुतीराव माझ्याकडे बघत होता. मी पेटीतून त्रेचाळीसचे उचलले. पुढे चौदा, मागे त्रेचाळीस. दोनच दात्यांचा फरक, चेन तीच चालली. बोल्ट मी आवळले आणि दाते श्रियाला मोजायला लावले.

काय सांगू! ती सहावी सुटली. दुसऱ्या फेरीला पाचवी, चौथ्या फेरीला तिसरी. वळणातून बाहेर पडताना इंजिन असे भरून वाजत होते की ते माझ्या बहिऱ्या कानांनासुद्धा छातीतून ऐकू आले. शेवटच्या पट्ट्यात नव्या गाड्या दमत होत्या आणि आमची पळतच होती, पळतच होती! अर्ध्या चाकाने दुसरी आली. दुसरी! मी कुंपणावर चढलो होतो, असे लोक सांगतात. टोपी अजून सापडलेली नाही.

गर्दी पांगल्यावर मी मारुतीरावाला म्हणालो, "एकोणनव्वद साली मी पंचेचाळीस घातलतो. खोटं बोललो."

"ठाव हाय रं. त्याच दिवशी दातं मोजलतो मी."

"मग चारचौघांत सांगितलं का न्हाईस?"

"तू सांगशील म्हणून थांबलतो."

मग आम्ही दोघे उसाचा रस प्यायलो.

६. वरील कारणांवरून वडगावची शेड, लेथ, दाते कापायचे मशीन, भिंतीवर टांगलेली माझ्या हातची सर्व स्प्रॉकेटे, जेटांचे डबे व हिशेबाच्या अकरा वह्या मी कन्या श्रिया हिला देतो. तिचे लग्न झाले असो वा नसो, ही मालकी तिचीच राहील. वह्यांत बरेच आकडे चुकीचे आहेत. तिने ते खोडून खाली आपले लिहावेत. माझ्या अक्षराचा मान राखू नये.

७. मुलगा निशांत, नोकरी बंगळूर, याला खानापूर रस्त्यावरचा प्लॉट. शेडचे ऐकल्यावर तो रागावेल म्हणून मी फोन करायला घाबरत होतो. केला. तो म्हणाला, "आप्पा, मला प्लगसुद्धा काढता येत नाही. तुम्हाला इतकी वर्षं लागली, याचंच नवल." त्याचा मी आभारी आहे.

८. शर्यतीची गाडी श्रियाची. मात्र शर्यतीच्या दिवशी जेट कोणता घालायचा यावर शेवटचा शब्द, ते हयात आहेत तोवर, मारुतीराव चौगुले यांचा राहील. विद्युल्लताबाई म्हणाल्या की असा हक्क कायद्यात बसत नाही. तरीही तो मी लिहून ठेवत आहे. कोणते स्प्रॉकेट घालायचे, हे चालवणारी ठरवेल. त्यात कुणी तोंड घालू नये. गाडी काचेच्या कपाटात ठेवू नये, हार घालू नये, पळवावी.

९. निपाणीला १६ फेब्रुवारीस पुढची शर्यत आहे व श्रियाचे नाव दिलेले आहे. तत्पूर्वी माझे काही झाले तर विधी थोडक्यात उरकून सर्वांनी निपाणीला जावे. सुतकाचे कारण सांगून कुणी तिला अडवले तर हा कागद दाखवावा. हे वाचून दाखवताच नागुबाई म्हणाली, "अवो, आनि तुमी जित्तं असला तर?" प्रश्न योग्य आहे, म्हणून स्पष्ट करतो: मी हयात असल्यास निपाणीला कुंपणापाशी उभा असेन, आणि वय झाले म्हणून कुणी मला खुर्ची आणून देऊ नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करतो.

(सही) भावकू नागोजी किणेकर

आमच्यादेखत सही केली. लिहून देणारे शुद्धीत आहेत व अतिशय आनंदात आहेत.

साक्षीदार १: (सही) डॉ. उपेंद्र अष्टेकर, अनगोळ
साक्षीदार २: (सही) आण्णाप्पा होसूरकर, मागवाले, वडगाव

स्थळ: अनगोळ, बेळगाव
दिनांक: २४ जानेवारी २०२५