सव्वा वर्षाचा शब्द

पुणे,
शनिवार, १४ जून २००३

चि. अमृतास,
अनेक आशीर्वाद.

मी बुधवारी नीट पोचले. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. श्रेया स्टँडवर न्यायला आली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण ऑपरेशनची घाई नाही म्हणाले. श्रेयाच्या सासरी सगळे मजेत आहेत. वृषालीला सांग, कैरीच्या लोणच्याची बरणी रोज एकदा हलवत जा, आणि तोंडाला फडक्याचा दादरा कोरडाच बांध.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतोस आणि मी 'बरं' म्हणते. दोघांनाही तशी सवय झाली आहे.

काल कॅम्पातून जाताना रिक्षा आमच्या कॉन्व्हेंट शाळेवरून गेली. कॅम्पात का गेले होते, ते पुढे सांगते. फाटक तेच आहे, रंग निराळा. तुझ्या आजोबांनी मला निमगाव साव्याहून आणून इथे सोडलं तेव्हा मला इंग्रजीत प्यायला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. वर्गाची मॉनिटर निवडायची असली की सिस्टर आम्हाला बाकावर डोकं टेकून डोळे मिटायला लावायच्या. मग एकेकीचं नाव घ्यायच्या आणि जिला ती हवी तिने हात वर करायचा. कुणी कुणाला मत दिलं, ते फक्त सिस्टरना दिसायचं. तरी शेजारणीच्या फ्रॉकची बाही सळसळली की आम्हाला कळायचंच. मला तो खेळ फार आवडायचा.

आता तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते, कारण माझ्याकडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

पंचायत समितीचा आपला गण महिलांसाठी राखीव झाला तेव्हा तुला जेवण गोड लागत नव्हतं. तुझी सगळी तयारी झालेली होती. मग एका सकाळी माझ्यापुढे उमेदवारीचा अर्ज ठेवलास. "आई, तू नुसत्या सह्या कर. बाकी मी बघतो." मी सह्या केल्या. निवडून आले. सभापतिपदही बाईसाठीच निघालं आणि आपल्या पक्षात बाया दोघीच, मी आणि ठमाबाई. दोघींच्याही घरच्यांना खुर्ची हवी होती.

सदस्य फुटू नयेत म्हणून तुम्ही आम्हा सगळ्यांना जीपमध्ये घालून कोकणात नेलंत. आमच्याजवळचे फोन काढून घेतलेत. ठमाबाईंच्या घरी अजून मेंढरं आहेत, त्या तालुक्याबाहेर फारशा गेलेल्या नव्हत्या. किनाऱ्यावर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लई पानी हाय, बाई. पन मेंढराला पाजाया काय उपेगाचं न्हाई." आम्ही दोघी खूप हसलो. आमच्यातली कोण सभापती होणार याचा काथ्याकूट तेव्हा वरच्या मजल्यावर तुम्ही पुरुष करत होता.

मतदानाच्या सकाळी गाड्या धामणीला खंडोबाच्या देवळाशी थांबल्या. तालुक्यात पक्ष म्हणजे दादाभाऊ. ते म्हणाले, "अडीच वरसं हायेत. सव्वा सव्वा वाटून घ्या. आदी वहिनी, मंग ठमाबाई. विषय संपला." तू लगेच मान डोलावलीस. ठमाबाईंच्या नवऱ्याने, राघूने, शपथेसाठी बेलभंडारा आणला. तू हात पुढे केलास, तर तो म्हणाला, "तुमी नाय, साहेब. ज्येचं नाव पाटीवर लागनार, त्येनंच उचलायचा." म्हणून मी उचलला. सव्वा वर्षाने खुर्ची ठमाबाईंना देईन, असं मोठ्याने म्हणाले. दुपारी सगळ्यांचे हात माझ्यासाठी वर झाले. त्यात ठमाबाईंचा पहिला होता.

केबिनमध्ये माझ्या खुर्चीशेजारी तुझी खुर्ची आली. लोक मला नमस्कार करत आणि तुझ्याशी बोलत. मला त्याचा राग नव्हता. तू राबतोस, लोकांच्या लग्ना-मयताला धावतोस, ते मी पाहते. गुरुवारी तू पक्षाच्या कामाला पुण्याला जायचास आणि जानकू शिपाई दारातून विचारायचा, "मॅडम, साहेब न्हाईत. लोकास्नी उद्या या म्हनू का?" एका गुरुवारी मी म्हटलं, "येऊ दे आत." एक बाई आली, अंगणवाडीचं छप्पर उडाल्याचं सांगत. मी इंजिनिअरना बोलावलं, पुन्हा बोलावलं, तिसऱ्यांदा स्वतः त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. छप्पर झालं. तुला मी ते सांगितलं नाही. त्यानंतर मी गुरुवारची वाट बघू लागले.

हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

सव्वा वर्ष पुरं झालं त्या आठवड्यात ठमाबाई आल्या. तू त्यांना चहा मागवलास. "काकू, वरून निरोप आहे. विधानसभेपर्यंत बदल करायचा नाही. थोडं थांबा."

"वरून म्हंजी कुठून, भाऊ? वर तर खंडोबा बी हाय. त्येचा निरोप आला व्हय?"

तू हसलास. जानकूही दारात हसला. ठमाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी काईच बोलना?"

मी समोरची फाइल उघडली. त्या चहा न घेता गेल्या.

त्या दिवशी घरी जेवताना तू म्हणालास, "आई, एवढं काय मनाला लावून घेतेस? भंडारा उचललास तू, आणि तू तर सिस्टरच्या शाळेतली. तुला कुठला खंडोबा लागतोय?" वृषालीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. बोलणं विनोदाचं होतं, मी रागावले नाही. सदस्यांकडून तारीख न घालता राजीनामे घेऊन ठेवतात, तसा माझाही दादाभाऊंकडे होता. तू तो परत आणून बंबात टाकलास. "आता तुला कुणी काढू शकत नाही," म्हणालास. तुला नीट सांगायचं आहे ते हे, की त्या वेळी मला बरं वाटलं. मला आणखी गुरुवार हवे होते. तुझ्या हट्टाआड मी आरामात बसले होते. कुणी विचारलं तर म्हणता येत होतं की मुलगा ऐकत नाही.

खंडोबाची भीती मला नाही, हे तू बरोबर ओळखलंस. पण देवळात मी देवाकडे बघत नव्हते. ठमाबाईंकडे बघत होते, आणि त्या माझ्याकडे.

तर, काल मी कॅम्पात गेले होते ती जिल्हा परिषदेत. सभापतीचा राजीनामा अध्यक्षांकडे द्यायचा असतो, एवढं मी सव्वा वर्षात शिकले. चार ओळी हाताने लिहून नेल्या होत्या. बाहेर बसलेले गृहस्थ कागद वाचून म्हणाले, "मॅडम, अमृतसाहेबांना कल्पना आहे ना?" आणि फोनकडे हात नेला. मी म्हटलं, "राजीनामा माझा आहे." त्यांनी फोन ठेवला, पण मी गेल्यावर लावला असेलच. तेव्हा हे पत्र हातात पडेल त्याआधी तुला बातमी कळलेली असेल. अध्यक्षांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का. नाही म्हटलं. त्यांनी पोच दिली आणि चहा मागवला. चहा चांगला होता.

याने फार काही बदलेल असं मला वाटत नाही. ठमाबाई सभापती झाल्या तर राघू त्यांच्याशेजारी खुर्ची टाकेल. त्याने गुलाल केव्हाच आणून ठेवला आहे म्हणे. त्यांना एखादा गुरुवार मिळेल की नाही, ते त्यांनी बघायचं.

तुझं नुकसान होणार आहे, ते मला कळतं. दादाभाऊ म्हणतील, ज्याला घरची आई आवरत नाही त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट कशाला? तू हे चार वर्षं मनात धरून आहेस. ते तिकीट गेलं तर ते माझ्यामुळे गेलं, आणि मी त्याला दुसरं नाव देणार नाही. तू लहानपणी हरलास की दोन दिवस माझ्याशी बोलायचा नाहीस. आता किती दिवस बोलणार नाहीस, त्याचा मी इथे रोज विचार करते. तरीही कागद परत घेणार नाही.

नव्या सभापतीची निवड लागेल तेव्हा मी सदस्य म्हणून असेनच. पक्षाने ठमाबाईंचंच नाव दिलं तर प्रश्न नाही. दुसरं नाव दिलं आणि व्हिप काढला, तरी माझा हात ठमाबाईंसाठीच वर होईल. मग तुम्ही माझं सदस्यत्व रद्द करायला कलेक्टरांकडे जा, कायदा तुमच्या बाजूने आहे. फक्त मला पुन्हा सहलीला नेऊ नका.

गुरुवारी दुपारच्या गाडीने निघते. तू त्या दिवशी पुण्यात असशीलच, स्टँडवर आलास तर मला फार बरं वाटेल. नाही आलास, तरी मी घरीच येणार आहे.

आई