वहिनीनं पाहिलेलं षटक

दि. ९ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काल मी देशाकडून पहिला सामना खेळले. टीव्हीवर पाहिलाच असशील, तरी माझ्या तोंडून ऐक. कप्तानताईंनी डोक्यावर टोपी ठेवली तेव्हापासून बोटं इतकी गार पडली की हातात चेंडू आहे का बर्फ, तेच कळेना. पहिल्याच षटकात सतरा धावा दिल्या. सतरा! तिसरा चेंडू तर त्या बाईनं असा भिरकावला की तो आणायला माणूस मैदानाबाहेर पाठवावा लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कप्तानताई जवळ आल्या. वाटलं, आता झापणार. त्यांनी एवढंच विचारलं, की पुढचं षटक याच बाजूनं टाकतेस का त्या? मग दोन बळी मिळाले, पण मला आठवतायत त्या सतराच.

दादा काय म्हणाला? खरं सांग, गुळमुळीत नको.

माया पातळ करू नकोस,
तुझी भिंगरी


दि. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

खरं सांगते. तुझ्या दादानं तुझा एकही चेंडू पाहिला नाही. आपण बघितलं की तुला फटके पडतात, असं ह्यांनी मनाशी पक्कं धरलंय. तू चेंडू हातात घेतलास की हे दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे. आणि आता आठवडाभर गल्लीत ज्याला त्याला तुझा चेंडू किती हात वळला ते सांगत सुटलेत!

मी मात्र शिलाई बंद करून बसले होते. एका बाईच्या झग्याला दोन्ही बाह्या उलट्या जोडून ठेवल्या होत्या, दुसऱ्या दिवशी उसवल्या. मी या घरात आले तेव्हा तू अकरा वर्षांची, आईविना वाढलेली, दिवसभर जिन्यातल्या भिंतीवर चेंडू आपटणारी. एका जागी ठरेना म्हणून मीच तुला भिंगरी म्हणायला लागले. तीच ही, असं स्वतःला बजावत होते, पण पटत नव्हतं. लोकांच्या नणंदा भावजयींना नाचवतात, माझी नणंद चेंडूला नाचवते. शेजारणींना हे सांगताना मला काय मिरवायला मिळतं म्हणून सांगू!

वेळेवर जेव. पत्राला आळस करू नकोस.

तुझी वहिनी


दि. ३० ऑगस्ट

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

देशाकडून खेळू लागल्याला सात वर्षं झाली, तुझ्यापासून काही लपवलं नाही. हे मात्र दोन महिने लपवलं. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय. सरावात दुखावला असं तुला कळवलं होतं, ते अर्धंच खरं. संघातून नाव गेलं. डॉक्टर म्हणतात, रोजच्या कामाला हात चालेल, पण लेगस्पिनचं सांगता येत नाही. आज कंगवा कानापर्यंत नेला आणि खाली पडला. पलंगाच्या काठावर बसून त्याच्याकडे बघत राहिले.

वहिनी, मला परत यायचंय. दुकानात काजं करीन, बटणं लावीन. दादाला इतक्यात सांगू नकोस.

तुझी भिंगरी


दि. ६ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

ह्यांना सांगितलं. नवऱ्यापासून लपवण्यासारख्या पुष्कळ गोष्टी असतात, तुझा खांदा त्यांत बसत नाही. हे उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन आले. मग म्हणाले, महिनाभर दुकान मी बघतो, तू जा.

काजं करायला मला कुणीही मिळेल. पुढच्या आठवड्यातल्या गाडीनं निघतेय. एक खाट रिकामी कर, आणि तोंड धुऊन बस.

तुझी वहिनी


दि. १४ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून खोली नको तेवढी मोठी झालीय. व्यायामशाळेतले सगळे विचारतात, त्या स्टंपामागे ओंजळ धरून बसणाऱ्या बाई कुठे गेल्या? पहिले वीस दिवस चेंडू तुझ्यापर्यंत पोचतच नव्हता, तूच उठून आणायचीस. एकदाही हुश्श म्हणाली नाहीस. आणि सव्विसाव्या दिवशी तो टप्पा पडून वळला तेव्हा तू अशी किंचाळलीस की डॉक्टर धावत आले, त्यांना वाटलं मलाच काही झालं!

आज निवड समितीचा फोन आला. पुढच्या दौऱ्यावर मी आहे. पहिलं तुला कळवतेय.

दादाला नमस्कार. तुझा हात पाठीवर असू दे.

तुझी भिंगरी


दि. ३ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

जगज्जेती झालीस! मैदानावरच्या त्या गर्दीत आम्हाला तुझ्यापर्यंत पोचता आलं नाही, तुम्हाला लगेच सत्काराला नेलं, म्हणून घरी येऊन लिहितेय. आपण शेवटचं बोललो त्याला महिना झाला आणि मला वाटतंय, युग लोटलं.

शेवटचं षटक. त्यांना सात धावा हव्या, दोन गडी बाकी, आणि कप्तानानं चेंडू तुला दिला. हे नेहमीसारखे उठून बाहेर निघाले, मी ह्यांचं मनगट धरलं ते सोडलंच नाही, अजून वळ आहेत. पहिल्याच चेंडूवर चौकार. चाळीस हजार माणसं सुस्कारली. तू मात्र एका मुलीला दोन पावलं डावीकडे सरकवलंस, बस. दुसरा चेंडू निर्धाव. तिसऱ्याला फलंदाज फसून पुढे आली आणि यष्टिरक्षकानं यष्ट्या उडवल्या. चौथ्यावर एक धाव. पाचवा दुसऱ्या फलंदाजाच्या बॅटीजवळून सरकला. आता एका चेंडूत दोन धावा, आणि तू काय केलंस? खाली बसून शांतपणे बुटाची लेस बांधलीस! सारं मैदान श्वास रोखून उभं आणि तू लेस बांधतेयस. ह्यांना म्हटलं, ही आपली नव्हे हो. मी वेण्या घातल्या त्या पोरीला मी ओळखते, हिला नाही. खोटं कशाला बोलू, थोडी भीती वाटली.

मग तो सरळ चेंडू आणि उडालेला स्टंप. पुढचं मला दिसलं नाही, डोळे भरले होते. चषक तू डाव्या हातानं उचललास, एवढं आठवतं.

घरी कधी येतेस?

तुझी वहिनी


दि. १० एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

लेस सुटलेली नव्हती गं. पाचव्या चेंडूला खांद्यात काहीतरी तुटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून खाली बसले. सांगितलं असतं तर चेंडू दुसरीकडे गेला असता. हात वर जाईना. शेवटचा चेंडू मला टाकायचा होता तसा पडलाच नाही, बाजूनंच सुटला, वळलाही नाही. ती वळणाची वाट बघत राहिली. पेपरांत त्याला माझं गुप्त अस्त्र म्हटलंय.

काल डॉक्टरांनी खांद्याचा फोटो दाखवला. आता पुन्हा नाही, म्हणाले. हे पत्र तुला पोचलं की निवृत्ती जाहीर करीन. संघालाही अजून माहीत नाही. दादाला तूच सांग, त्याच्याशी बोलायला लागले तर मला रडू फुटेल.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ती मुलगी तुला ओळखू आली नाही, असं लिहिलंस. मलाही नाही आली. एवढं दुखत असताना परत वळून धावत जाणारी ती कोण होती, मला सांगता यायचं नाही. पण ती होती, वहिनी, आणि तू तिला पाहिलंस.

पुढच्या शनिवारी येतेय. जीव लावलास तसा लावत राहा.

तुझी भिंगरी