फाळक्यावर दोन थापा

सणसर,
५ नोव्हेंबर २०२४

चि. गोकुळ यास,

दाजींचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं मजेत. इंदापुरातलं तुझं स्पेअर पार्टचं दुकान दिवाळीनंतर पुन्हा उघडलं असेल.

परवा भाऊबीजेला अक्काने ओवाळलं आणि तू पाटावरून उठलास तो थेट मोटारसायकलवर. दारातच आपला ट्रक उभा होता, त्याच्याकडे मान वळवली नाहीस. म्हणून लिहून कळवतो. यंदा त्याला उसाला लावणार नाही. हौद्यावर पत्र्याची खोली केली आहे. स्प्रिंगचे पाटे बदलले, रेडिएटर धुऊन घेतला, बारामतीला जाऊन कागदही करून आणले. आत शेगडी, पाण्याची टाकी आणि एक खिडकी. खिडकी तुझ्या अक्काचा हट्ट. आता पडद्याच्या रंगावरून माझं डोकं खाते आहे. मागचा फाळका मात्र जुनाच ठेवला. खाली पाडला की चहा प्यायला ओटा होतो.

सतरा तारखेला, रविवारी, कन्याकुमारीला निघायचं. कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास बसून आपण म्हणायचो ना, एकदा उसाशिवाय गाडी काढायची आणि जमीन संपेपर्यंत जायचं, तेच.

काल अक्काने आतल्या झोपायच्या फळ्या पाहिल्या. "आवं, ही तिसरी फळी एवढी लांब कुणाला? तुमी तर उसाच्या मोळीएवढं."

सामान ठेवायला, म्हणालो.

"सामानाला उशी कशाला लागती?"

गोकुळ, फळी तुझ्या मापाची आहे. पण तुला बोलवायच्या आधी एक गोष्ट सांगायची आहे. फोन दोनदा लावला, आणि दोन्ही वेळा पाऊसपाण्याचं बोलून ठेवून दिला.

आपली रीत तुला ठाऊक आहे. ऊस मी बांधायचो, गाडी तू चालवायचास. बांधून झालं की मी फाळक्यावर दोन थापा मारायचो आणि तू मागे न बघता निघायचास. सहा वर्षांपूर्वी माळेगावच्या वळणावर मोळ्या सुटल्या, त्या मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला, त्या दिवशी मागचा रस्सा मी आवळलाच नव्हता. रांगेत नंबर मागे पडेल म्हणून घाई केली. थापा मात्र दोन मारल्या.

सगळे म्हणाले, ड्रायव्हरने वळण जोरात घेतलं. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. तूही तेच खरं मानलंस आणि स्टिअरिंग सोडलंस. तू गाडी हळूच वळवली होतीस रे. मला लाज वाटते, रोज वाटते.

आज सकाळी अक्काला सांगितलं. तिने पडद्याचं कापड घडी करून ठेवून दिलं. मग म्हणाली, "आधी त्याला कळवा. त्यो न्हाय आला तर मी बी गाडीत चढणार न्हाय." त्या मोटारसायकलवाल्याच्या घरी मी शनिवारी जाणार आहे. तिथे तू येऊ नकोस, ते माझं मलाच करायचं आहे.

आलास तर सामान मीच बांधीन. पण या वेळी खाली उतर, प्रत्येक रस्सा स्वतः ओढून बघ. तू हो म्हणेपर्यंत मी फाळक्याला हात लावणार नाही.

वर सवयीने आशीर्वाद लिहिले. तो हक्क उरला की नाही ते तू ठरव. म्हणून इथे नुसतं नाव लिहितो.

सावळाराम