इलियाच्या सणाची फुलं

त्रोयान, १ जुलै २००४

लाडक्या रुमी,

तुला आणि छोट्या एमीला आईचे खूप खूप आशीर्वाद. पत्र पोचलं. इंग्लंडचे कागद झाले, इलियाच्या सणाला घरी येतेय, हे वाचून मी अंगणातच बसून रडले. पेन्का कुंपणावरून ओरडली, "काय गं, पोरगी येतेय की चाललीय?"

मी बरी आहे. चेरीचा मुरंबा भरून ठेवलाय. आणि हसू नकोस, मी इंग्रजी शिकतेय! नातीशी दोन शब्द तरी बोलता यावेत म्हणून. वाचनालयात झोर्नित्साबाई शिकवतात. वय माझ्या निम्मं, पण दरडावतात सासूसारख्या.

परवा बाईंचा वाढदिवस होता. पेन्कानं सहा गुलाब आणले. आम्ही सगळ्या किंचाळलोच, "अगं, बाईंना पुरायला निघालीस का?" दोन, चार, सहा अशी सम फुलं मयताला नेतात, हे या बावळट बाईला कोण सांगणार! एक गुलाब काढून घेतला, तेव्हा कुठे बाईंनी हात पुढे केला.

मग धडा. शब्द होता 'अलोन', म्हणजे एकटं. प्रत्येकीनं वाक्यं करायची. पेन्का म्हणाली, "माझी बकरी अलोन आहे." दुसरी म्हणाली, "मला अलोन झोपायचंय, नवरा घोरतो." हसून हसून पुरेवाट झाली. माझी पाळी आली. मी म्हटलं, "मी अलोन जेवते." बाई म्हणाल्या, बरोबर, आणखी एक. "मी अलोन कॉफी करते, पण कप दोन काढते." बाई म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे," आणि फळा पुसत बसल्या.

एमीनं मागे फोनवर हेच विचारलं होतं, आजी, तू अलोन आहेस का? तेव्हा शब्द कळला नव्हता. मी आपलं "नो, नो" म्हणत राहिले.

रुमी, प्रत्येक फोनला मी काहीतरी सांगत आले. बाबा द्राक्षमळ्यात गेलेत, बाबांचा घसा बसलाय, बाबा झोपलेत. तू चिडलीस, "अजून रुसलेत का माझ्यावर?" नाही गं. एक दिवसही रुसले नाहीत.

फेब्रुवारीत त्यांची छाती भरली, ती सुटलीच नाही. माझा हात धरून म्हणाले, "पोरीला कळवू नकोस. धावत येईल, मग तिकडे परत घेणार नाहीत तिला. आधी कागद होऊ देत." मी शब्द दिला. गावभर दारांवर, खांबांवर त्यांचा फोटो छापलेले मयताचे कागद लागले. सगळ्यांना कळलं, तुला सोडून. तुला सांगावं म्हणून किती वेळा जीव तुटला, कसं सांगू?

आता कागद झालेत. तू दारात येऊन "बाबा कुठेत?" विचारलंस तर मला उभं राहवणार नाही, म्हणून आधीच लिहितेय. हव्या तेवढ्या शिव्या घाल मला. पण ये.

इलिया म्हणजे त्यांच्याच नावाच्या संताचा सण, कोंबडा यंदाही शिजवीन. तू लिहिलंयस, बाबांसाठी कार्नेशनची लाल फुलं आणेन, दारातच त्यांच्या हातात देईन. आण बाळा.

फक्त सम आण.

दाराकडे डोळे लावून बसलेली
तुझी आई